उत्तरेच्या जंगलाला नत्र: कुठे द्यावं, कुठे हात आवरावा

प्रश्न मूळच्या अलिबागच्या एका ताईंचा आहे. लग्नानंतर त्या उत्तर स्वीडनमध्ये, व्हेस्टरबॉटन प्रांतात राहायला गेल्या. सासऱ्यांचं ५२ हेक्टर जंगल आता त्यांच्या आणि यजमानांच्या नावावर झालं आहे. लाकूड घेणाऱ्या कंपनीने सुचवलंय की यंदा हेलिकॉप्टरने नत्रखत टाकून घ्या, दहा वर्षांनी तोडीच्या वेळी जास्तीचं लाकूड मिळेल. यजमान तयार आहेत. सासूबाई नको म्हणतात, बेरी आणि अळंबी जातील म्हणून. ताई लिहितात, "थळच्या खत कारखान्याजवळ वाढले. युरिया टाकला की भाताला काळोखी येते हे लहानपणापासून पाहिलंय. पण जंगलाला खत घालायचं हे मनाला पटत नाही. ही नुसती भावना आहे की त्यात तथ्य आहे?" यात हवामानाचं भलं होतं की नुकसान, असंही त्या विचारतात. सोबत त्यांनी जंगलाचा नकाशा आणि प्रत्येक तुकड्याचं वर्णनही पाठवलंय.

ताई, आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. तुमच्या ५२ हेक्टरांपैकी सतराएक हेक्टरांवर एकदा खत घालायला माझी हरकत नाही. बाकी कुठेही घालू नका. तुमच्या सासूबाईंना जे वाटतं ते त्या बाकीच्या जमिनीबद्दल शंभर टक्के खरं आहे, आणि त्या सतरा हेक्टरांबद्दलही थोडं खरं आहे.

मी या भागातल्या जंगलमातीत पंचवीस वर्षं काम करतोय आणि त्याआधी साताऱ्याकडे शेती शिकलोय. त्यामुळे तुमच्या मनात भाताचं खाचर आणि पाइनचं जंगल शेजारी शेजारी का उभं राहतं ते मला कळतं. पण या दोन जमिनींची भूक वेगळी आहे. तिथूनच सुरुवात करू.

तुमच्या पाइनखाली कुदळ मारून पाहा. वर शेवाळाची हिरवी गादी, तिच्याखाली काळपट, तंतुमय, अर्धवट कुजलेला थर, त्याखाली राखेसारखी फिकट वाळू आणि मग तांबूस माती. त्या काळ्या थरात नत्र हेक्टरी शेकड्यांनी किलो पडलेलं असतं. अडचण अशी की ते कुलूपबंद असतं. थंडी लांब, उन्हाळा तोकडा, सुया आम्लयुक्त आणि चिवट. आपल्याकडे पावसाळ्यात पालापाचोळा झपाट्याने मातीत मिसळतो. इथे तोच प्रवास दशकांचा आहे. शेवाळाच्या पानांत राहणारे निळे-हिरवे जिवाणू हवेतून नत्र ओढतात, पण ते हेक्टरी वर्षाला दीड-दोन किलो. उत्तर भागात पावसाबर्फातून येतं तेही एक ते तीन किलोच्या आसपास. एवढ्या तुटपुंज्या शिधावर हे जंगल हजारो वर्षं उभं आहे.

ही भूक खरीच नत्राची आहे, पाण्याची किंवा थंडीची नाही, हे तुमच्याच तालुक्यात सिद्ध झालंय. विंडेल्नजवळ फ्लाकालिडेन इथे १९८७ पासून स्प्रूसच्या (पाइनसारख्याच सुयांच्या पानांच्या) तरुण झाडांवर प्रयोग सुरू आहे. काही तुकड्यांना फक्त पाणी दिलं, काहींना सगळी अन्नद्रव्यं मोजून मापून. नुसत्या पाण्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. अन्नद्रव्यं मिळालेल्या झाडांची वाढ मात्र तिप्पट-चौपट झाली. ६४ अंश अक्षांशावर, तेवढ्याच थंडीत. हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थक्क झालो होतो. आपण हवामानाला दोष देत होतो आणि झाड उपाशी होतं.

म्हणून कंपनी सांगते त्यात खोट नाही. इथली नेहमीची मात्रा हेक्टरी १५० किलो नत्र. ते अमोनियम नायट्रेटच्या दाण्यांतून देतात, त्यात डोलोमाइट मिसळलेलं असतं म्हणजे माती फार आंबत नाही, आणि थोडं बोरॉनही असतं. दाण्यांत नत्र २७ टक्के, म्हणजे हेक्टरी साडेपाचशे किलोच्या आसपास दाणे. त्यातून पुढच्या सात ते दहा वर्षांत हेक्टरी १० ते २० घनमीटर लाकूड जास्तीचं मिळतं. साधा हिशेब धरा: दहा किलो नत्राला एक घनमीटर. आणि हे लाकूड बारीक फांद्यांवर चढत नाही, तोडीला आलेल्या जाड खोडांवर चढतं. तेच करवतीच्या गिरणीत जातं आणि त्यालाच भाव असतो.

आता ही मात्रा आपल्या मापात बघा. आपल्या ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो नत्र असतं. म्हणजे १५० किलो नत्र म्हणजे एकरी तीन गोण्यांच्या आतबाहेर, आणि तेही दहा वर्षांतून एकदा. महाराष्ट्रात आडसाली उसाला एका पिकासाठी हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. स्वीडनच्या वनखात्याच्या मार्गदर्शक सूचना उत्तर भागात जंगलाच्या संपूर्ण आयुष्यात, म्हणजे शंभरएक वर्षांत, ४५० किलोची वरची मर्यादा घालतात. देशाच्या नैर्ऋत्य भागात तर खत घालूच नका असं सांगतात, कारण युरोपातल्या गाड्या, कारखाने आणि गोठ्यांमधून उडालेलं नत्र तिथे पावसातूनच भरपूर पडतं. उसाच्या एका पिकाला जेवढं देतो, त्याच्या जवळपास इतकं एका जंगलाला जन्मभरात. शेतकऱ्याला ही मात्रा हास्यास्पद वाटेल. पण ज्या घरात रोज मूठभर तांदूळ शिजतो तिथे एकदम पोतं ओतलं तर काय काय बदलतं, हा खरा प्रश्न आहे.

बदलतं ते बहुतेक जमिनीखाली, आणि या भागावर मी थोडं रेंगाळणार आहे. खत घालायला सांगणारे आणि नको म्हणणारे दोघेही बहुधा वरवरचंच पाहतात.

पाइनची मुळं एकटी जेवत नाहीत. त्यांच्या टोकांवर बुरशीचं आवरण असतं आणि त्या बुरशीचे तंतू मातीत मैलोन्‌मैल पसरलेले असतात. झाड पानांत केलेली साखर बुरशीला देतं, बुरशी मातीतून नत्र आणि स्फुरद आणून देते. ही साखर किती असावी? उमेओजवळ ओहेडन नावाच्या पाइनच्या जंगलात पेटर होग्बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या खोडांवरची साल गोलाकार कापून काढली, म्हणजे साखर खाली उतरायचा रस्ताच बंद केला. पाच दिवसांत मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला आणि एक-दोन महिन्यांत निम्म्यावर आला. २००१ साली हे छापून आलं तेव्हा आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली. पायाखालची माती जो श्वास घेते त्यातला निम्मा श्वास झाडानेच, त्याच आठवड्यात, खाली पाठवलेल्या साखरेवर चालतो.

नत्राचे दाणे पडले की हा व्यवहार फिरतो. ज्या मालासाठी झाड एवढी किंमत मोजत होतं तो आता दारात फुकट पडलाय. झाड साखर खाली पाठवणं कमी करतं आणि ती खोडात घालतं. तुम्हाला जास्तीचं लाकूड मिळतं त्यातला मोठा वाटा इथून येतो. अमिनो आम्लांसारखं सेंद्रिय नत्र ही झाडं थेट घेऊ शकतात हे दाखवणाऱ्या तोर्ग्नी नेसहोल्म यांच्या गटाने पुढे असंही मांडलं, की नत्र फारच तुटपुंजं असतं तेव्हा बुरशी ते स्वतःच्या अंगात जास्त ठेवते आणि झाडाला कमी देते. म्हणजे बुरशी झाडाची भूक भागवते आणि टिकवूनही ठेवते. मला हे पटतं. रानात पाहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्यातून होतो.

साखर आटली की ज्या बुरशींचं तंतूंचं जाळं सगळ्यात मोठं आणि खर्चिक, त्या आधी मागे सरतात. कॉर्टिनॅरियस नावाचं मोठं कुळ आहे, त्यातल्या बऱ्याच जाती यात येतात. लॅक्टॅरियस रूफस किंवा पॅक्सिलससारख्या नत्र सोसणाऱ्या जाती वाढतात. सासूबाईंना सांगा की अळंबी नाहीशी होणार नाहीत, पण टोपलीत येणारे प्रकार बदलतील आणि काही वर्षं एकूण फळही कमी धरेल. कॉर्टिनॅरियससारख्या बुरशी जुना चिवट पालापाचोळा फोडून त्यातलं नत्र काढत असतात. त्या कमी झाल्या की कुजण्याचा वेग मंदावतो आणि मातीत कार्बन साठत जातो. हवामानाच्या हिशेबात ही जमेची बाजू म्हणतात. मी ती जमेत धरताना हात राखून धरतो, कारण जो थर साठतोय तो झाडाचं पुढच्या पिढीचं जेवण अडवूनही ठेवतोय.

हे सगळं एका मात्रेनंतर सावरतं का? बहुतांशी हो. वारंवार घातलं तर? याचं उत्तर नॉर्लिडेनच्या प्रयोगात आहे. कार्ल ऊलोफ टाम यांनी १९७१ साली तो तुमच्याच प्रांतात सुरू केला. पाइनला दरवर्षी नत्र, तीन वेगवेगळ्या मात्रांत: हेक्टरी साधारण ३०, ६० आणि ९० किलोच्या आसपास. सुरुवातीला सगळीकडे वाढीला जोर चढला. पुढे जास्त मात्रांतला जोर ओसरत गेला, माती आंबली, कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून गेलं. सगळ्यात कमी मात्रेतली वाढ मात्र दीर्घकाळ टिकली. सर्वांत मोठी मात्रा वीस वर्षांनी, १९९० मध्ये थांबवली. त्यानंतर मुळांवरची बुरशी पंधराएक वर्षांत बऱ्यापैकी परतली, ही दिलासा देणारी गोष्ट. शेवाळं आणि रानझुडपं मात्र फार सावकाश सावरतात. दुसऱ्या एका जुन्या प्रयोगात खत थांबून ४७ वर्षं झाल्यावरही शेवाळांच्या जातींत फरक सापडला होता.

ताई, माझं म्हणणं या एकाच प्रयोगावर उभं आहे असं समजलात तरी चालेल. भुकेल्या जंगलाला एकदा वाढलेलं जेवण पचतं. रोजचा रतीब लावला की ते जंगल दुसरंच कुठलं तरी जंगल होऊ लागतं. म्हणून कंपनीच्या प्रस्तावात "पुढे दर दोन वर्षांनी, मागणीनुसार" अशा धर्तीचं एखादं कलम असेल तर त्यावर सही करू नका. तरुण स्प्रूसला असं वारंवार खत देऊन तोडीचा काळ कितीतरी अलीकडे आणता येतो हे खरं आहे, फ्लाकालिडेनने ते दाखवलंय. पण ते मग लाकडाचं शेत झालं. शेत करायचं असेल तर शेत म्हणून ठरवून करावं, जंगलाच्या नावाखाली नको.

आता बेरी. नत्र पडलं की वेव्ही हेअर-ग्रास नावाचं बारीक गवत उसळतं आणि बिलबेरी, लिंगोनबेरीची झुडपं मागे पडतात. हे केवळ उन्हासाठी भांडण नाही. नत्र मिळालेल्या बिलबेरीच्या पानांवर व्हॅल्डेन्सिया नावाच्या बुरशीचा रोग जास्त पडतो, ऐन उन्हाळ्यात पानं गळतात, वरून उजेड खाली येतो आणि गवताला रान मोकळं मिळतं. द्राक्षाला नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि भुरी-डावणी वाढते हे नाशिककडचा कुणीही बागायतदार सांगेल. तोच प्रकार. एका मात्रेनंतर, सावली असलेल्या जुन्या जंगलात, ही घट मर्यादित असते. पण काही वर्षं त्या तुकड्यात बेरी कमी येतील हे गृहीत धरा, सासूबाईंच्या हक्काच्या जागा आधी विचारून घ्या आणि त्या नकाशावर खूण करून वगळा. हे मी भावनेपोटी सांगत नाही. बेरीचं झुडूप हे अस्वलापासून रानकोंबड्यापर्यंत सगळ्यांचं दुकान आहे.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे तुमच्या नकाशातला वाळूच्या उंचवट्यावरचा नऊ हेक्टरांचा तुकडा, जिथे "जमीन पांढरी दिसते" असं तुम्ही लिहिलंय. तो पांढरा थर म्हणजे रेनडिअर-लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याचंच हे थंडीतलं भावंड. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. मुळं नाहीत, जे मिळतं ते थेट अंगावरून शोषतं, त्यामुळे नत्राचे दाणे त्याला सोसत नाहीत. आणि वर खत मिळालेल्या पाइनचा माथा दाट झाला की सावलीत शेवाळ येऊन लायकेन झाकून टाकतं. हिवाळ्यात सामी लोकांचे, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या इथल्या मूळ रहिवाशांचे, रेनडिअर बर्फ खुराने उकरून हेच खातात.

कामाला लागून तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा अशाच एका वाळूच्या टेकाडावर खत घालायला मी होकार दिला होता. कागदावर ती जमीन "कोरडी, पाइनची" एवढीच दिसत होती आणि मी हिवाळ्यात, बर्फाखाली असताना पाहणी केली होती. पाच वर्षांनी एक सामी आजोबा मला तिथे घेऊन गेले. काही बोलले नाहीत, नुसतं बोटाने दाखवलं. पांढरं होतं तिथे हिरवं शेवाळ होतं. लाकडाची वाढही जेमतेमच झाली होती, कारण तितक्या कोरड्या वाळूत नत्राबरोबर पाणीही कमी पडतं. ती जागा मी अजून दरवर्षी पाहून येतो. लायकेन अजून परत आलेलं नाही. म्हणून त्या नऊ हेक्टरांबद्दल चर्चासुद्धा नको. तुमच्या भागात कोणत्या सामी गटाचे कळप हिवाळ्यात उतरतात ते माहीत करून घ्या आणि सतरा हेक्टरांबद्दलही त्यांना आधी फोन करा.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. वाढत्या झाडांना योग्य वेळी घातलेल्या एका मात्रेतलं फार थोडं नत्र वाहून जातं. जे जातं त्यातलं बरंचसं दाणे थेट ओढ्यात किंवा चरात पडल्यामुळे जातं. म्हणून ओढ्याच्या दोन्ही अंगांना किमान पंचवीस मीटर पट्टा सोडायला लावा, आणि उन्हाळी ओघळही ओढ्यातच धरा. जुने चर बहुधा नकाशावर नसतात. सासरे असते तर त्यांनी बोटाने दाखवले असते. आता तुम्ही दोघांनी वसंतात बर्फ वितळताना चालून ते शोधा, झाडांना रंगीत फिती बांधा आणि हेलिकॉप्टरवाल्यांना तो नकाशा द्या. दुसरी काळजी तोडीची. झाडं एकदम तोडली की नत्र पिणारं कुणी उरत नाही आणि मातीतलं नायट्रेट ओढ्यात, तिथून बॉथनियाच्या आखातात उतरतं. खत आणि तोड यांत आठ-दहा वर्षांचं अंतर असलं की हा धोका बराच कमी होतो, आणि योगायोगाने लाकडाचा फायदाही तेवढ्याच काळात पुरा वसूल होतो.

तुम्ही हवामानाचंही विचारलंत, कारखान्याच्या छायेत वाढलेल्या माणसाला तो धूर आठवणारच. हिशेब हेक्टरी करू. जास्तीचं १५ घनमीटर खोड म्हणजे सुमारे ११ टन कार्बन डायऑक्साइड बांधला गेला. खर्चाच्या बाजूला, १५० किलो नत्र बनवताना आधुनिक युरोपीय कारखान्यात अर्ध्या टनाच्या आसपास उत्सर्जन. जुन्या कारखान्यात हा आकडा सहज दुप्पट होतो, म्हणून खत कुठलं ते विचारा. मग मातीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. दिलेल्या नत्राचा एक टक्का त्यातून उडतो हे आंतरराष्ट्रीय गृहीतक धरलं तर आणखी ६४० किलो होतात. थंड, आम्लयुक्त जंगलमातीत प्रत्यक्ष मोजमापं बहुधा त्याहून कमी येतात. म्हणजे अकरा टनांसमोर एक टनाहून थोडं जास्त. जमाखर्च स्पष्टपणे जमेचा आहे. नॉर्वेने २०१६ पासून याच आधारावर जंगलखताला सरकारी अनुदान द्यायला सुरुवात केली. फक्त एक लक्षात ठेवा: ते अकरा टन लाकडात आहेत. लाकूड घराच्या तुळईत गेलं तर शंभर वर्षं टिकतील, कागदात गेलं तर पाच वर्षांत हवेत परत. जुन्या जंगलात, शेवटच्या दहा वर्षांत खत घालण्याची बाजू इथे वरचढ ठरते, कारण जाड खोडं तुळईत जाण्याची शक्यता जास्त.

या बाजूने अजून एक मुद्दा नेहमी मांडला जातो: थोड्या जमिनीतून जास्त लाकूड काढलं तर बाकीची जुनी जंगलं राखता येतील. मांडणी मला आवडते. पण ती आपोआप घडत नाही. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला जवळपास दोन लाख हेक्टरांवर खत पडत होतं, आणि त्याच काळात जुनी जंगलंही तोडली जात होती. तुमच्या बाबतीत मात्र हे तुमच्या हातात आहे. सतरा हेक्टरांतून जास्तीचं मिळतंय तर ओढ्याकाठचे तीन हेक्टर कायमचे सोडल्याचं कागदावर लिहून टाका.

कंपनीच्या माहितीपत्रकांत बोरॉन एका ओळीत उरकलेला असतो, म्हणून तो वेगळा सांगतो. नत्र मिळून झाड झपाट्याने वाढू लागलं की दुसरं काहीतरी कमी पडू लागतं, आणि इथल्या स्प्रूसमध्ये ते बहुधा बोरॉन असतं. शेंडा मरतो, बाजूच्या दोन-तीन फांद्या शेंडा व्हायला धावतात आणि खोड दुभंगतं. असं झाड गिरणीच्या कामाचं राहत नाही. तुमच्या पस्तीस वर्षांच्या स्प्रूसच्या चौदा हेक्टरांवर आत्ता खत नको म्हणतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण, तिथे अजून विरळणी झालेली नाही. दाटीत खत घातलं तर जी झाडं पुढे काढून टाकायची आहेत तीही पोसली जातात. आधी विरळणी करा. त्यानंतरही लगेच खत नको, दोन-तीन वर्षं मुळांना पकड धरू द्या. एकदम मोकळी झालेली आणि एकदम जड माथ्याची झाडं वाऱ्या-बर्फात आडवी होतात.

राहिला चर काढलेल्या दलदलीतला सहा हेक्टरांचा तुकडा. तिथे गोष्ट उलटी आहे. पीटमध्ये, म्हणजे दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, नत्र भरपूर, कमी आहे ते स्फुरद आणि पालाश. फिनलंडमध्ये लाखो हेक्टर अशा जमिनी आहेत आणि तिथे लाकडाची राख हेक्टरी तीन ते पाच टन टाकतात. तिचा परिणाम तीस-चाळीस वर्षं टिकतो. साध्या खनिज मातीवर हीच राख टाकली तर वाढीत काही मिळत नाही, कारण राखेत नत्र नसतं. राख घालायचीच तर कॅडमियम तपासलेली, दाणेदार केलेली घ्या, मोकळी भुकटी कधीच नको. पण त्याआधी हे ठरवा की ती दलदल कोरडी ठेवायची आहे का. पाणी उतरलं की पीट कुजत राहतं आणि हजारो वर्षांचा कार्बन सोडत राहतं. राखेने वाढलेली झाडं पाणी आणखी खाली ओढतात. मी तुमच्या जागी असतो तर चर बुजवून तो तुकडा पाण्याला परत दिला असता.

उरले वीस हेक्टर, पंच्याऐंशी वर्षांचे पाइन, खाली बिलबेरी-लिंगोन, आठ वर्षांपूर्वी विरळणी झालेली, गोटे-वाळूमिश्रित माती. खतासाठी यापेक्षा योग्य जंगल मी क्वचितच पाहतो: फार कोरडं नाही, फार सुपीक नाही, माथे निरोगी आणि तोडीला दहाएक वर्षं. ओढ्याचा पट्टा आणि सासूबाईंच्या जागा वगळून सतरा हेक्टर उरतील. त्यातून दहा वर्षांत १७० ते ३४० घनमीटर जास्तीची अपेक्षा ठेवा आणि कंपनीशी बोलताना खालचा आकडा धरूनच नफातोटा मांडा. २०२२ मध्ये नैसर्गिक वायू महागला तेव्हा खताचे भाव एवढे चढले होते की अनेकांचा हिशेब तिथेच कोलमडला. भाव चढे असतील तर एखादं वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही.

सही करण्याआधी सुयांचं परीक्षण करून घ्या. द्राक्षाचं देठ परीक्षण असतं तसंच हे. झाडं झोपेत असताना, हिवाळ्यात, माथ्याजवळच्या उन्हातल्या फांद्यांवरच्या चालू वर्षाच्या सुया घ्यायच्या, वेगवेगळ्या दहा-पंधरा झाडांच्या. नत्र १.३ टक्क्यांच्या खाली असेल तर खताला जोरदार प्रतिसाद मिळेल. १.८ च्या आसपास असेल तर ते झाड पोटभर जेवतंय, पैसे वाचवा. बोरॉनही त्याच नमुन्यात तपासायला सांगा. किलोला पाच मिलिग्रॅमच्या खाली असेल तर बोरॉन असलेलंच खत हवं.

वनखात्याला कामाच्या किमान सहा आठवडे आधी कळवावं लागतं. ते कंपनीवर सोडू नका, अर्जाची प्रत स्वतः वाचा आणि त्यासोबत तुमचा फिती लावलेला नकाशा जोडा. खत जून ते ऑगस्टमध्येच टाकायचं, जमीन पूर्ण वितळलेली आणि वाफसा असलेली पाहून. बर्फावर टाकलेलं खत वसंतात ओढ्याला मिळतं. आणि त्या सतरा हेक्टरांत मध्येच एक तुकडा, तीस मीटर बाय तीस मीटर, खताशिवाय ठेवा. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि आतल्या वीस झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजून वहीत लिहा. बाहेरच्या वीस झाडांचाही लिहा. सासूबाईंना दरवर्षी ऑगस्टमध्ये दोन्हीकडच्या बेरी वेगवेगळ्या टोपलीत वेचायला सांगा आणि वजन त्याच वहीत टिपा. पाच वर्षांनी ती वही मला दाखवायला आणाल तर मी स्वतः गाडी घेऊन येईन.